पैसा, पत आणि लायकी : रविवारच्या वर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. निवृत्तीनंतर दर रविवारी सकाळी उत्तर नागपुरातल्या एका वाचनालयात पैशांच्या व्यवहाराचा वर्ग घेते. दहावी-बारावीची मुलं, कॉलेजातली पोरं-पोरी, कधीकधी त्यांच्या आया. शिकवायचं असतं चक्रवाढ व्याज, विमा, सातबारा. पण तासाभरात कोणीतरी हात वर करतं आणि गाडी भलत्याच रस्त्याला लागते. दर तुकडीला तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत.

मॅडम, ज्याच्याजवळ पैसा त्यालाच इज्जत. मग पैसा म्हणजेच लायकी नाही का?

इज्जत मिळते, हे खरं आहे. सीताबर्डीवरच्या कुठल्याही मोठ्या दुकानात जाऊन बघा. चारचाकीतून उतरलेल्याला "या साहेब, बसा, पाणी आण रे", आणि सायकल टेकवून आलेल्याला "काय पायजे?" असतील शितं तर जमतील भुतं, हे आपले आजे-पणजे उगाच म्हणत नव्हते.

पण आपल्या भाषेत या गोष्टीसाठी एकच शब्द नाही, बरेच आहेत, आणि ते वेगवेगळे आहेत. ऐपत म्हणजे खर्च करायची ताकद. पत म्हणजे लोक तुम्हाला उधार देतील एवढा भरवसा. लायकी म्हणजे एखाद्या कामाला, एखाद्या जबाबदारीला माणूस योग्य असणं. आणि औकात हा शब्द तर फक्त दुसऱ्याचीच काढायला वापरतात. "तुही औकात काय बे?" असं भांडणात ऐकलंय सगळ्यांनी, स्वतःची औकात सांगत बसलेला माणूस मी तरी पाहिला नाही.

पैसा ऐपत मोजतो, अगदी रुपया-पैशापर्यंत चोख. पत अर्धीमुर्धी मोजतो. लायकीचं माप त्याच्याजवळ नाही. दुकानदार आपली ऐपत बघून वागतो, ते त्याच्या धंद्याचं आहे. आपण मात्र घरी येतो ते लायकीच कमी असल्यासारखं तोंड करून, आणि गडबड तिथे होते.

पण बँक तर माणसाला पैशातच मोजते. तुम्हीही तेच केलं ना?

केलं. कर्जाच्या अर्जात 'नेट वर्थ' असा रकाना असतो. घर, प्लॉट, सोनं, ठेवी यांची बेरीज करायची, देणी वजा करायची, उरेल तो आकडा लिहायचा. मराठी फॉर्मवर त्याला 'निव्वळ मालमत्ता' म्हणतात आणि तेच नाव बरं आहे, कारण तो आकडा मालमत्तेचाच असतो. हल्ली मुलं मोबाइलवर कुठल्या नटाचं नेट वर्थ किती ते वाचतात आणि शाळेतली टक्केवारी सांगावी तसं सांगतात.

एक गोष्ट सांगते, माझ्याच चुकीची. एक बाई डबे करायच्या, मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, भरती झालेल्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी. दोन मोठे कुकर आणि एक फ्रीज घ्यायला पंधरा हजार मागत होत्या. तारण नाही, जामीनदार नाही, घर भाड्याचं. मी नाही म्हटलं. त्याच महिन्यात प्लॉट पाडून विकणाऱ्या एका ले-आउटवाल्याची फाइल माझ्या टेबलावरून एका दुपारीत पुढे गेली. गाडी होती, प्लॉट होते, साहेबांची ओळख होती. दोन वर्षांनी त्याचं खातं थकलं. हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की बँकेच्या भाषेत कर्ज 'एनपीए' होतं, तसं झालं. बाईंनी भिशीतून पैसे उभे केले, असं नंतर कळलं.

लगेच वर्गातली मुलं म्हणतात, म्हणजे गरीब प्रामाणिक आणि श्रीमंत लबाड! तसं अजिबात नाही. माझ्या हातचे दोन बचत गटही बुडाले, त्यातल्या एका गटाच्या अध्यक्षबाई पासबुकं घेऊन गावाला निघून गेल्या त्या आल्याच नाहीत. सांगायचं एवढंच की मी डबेवाल्या बाईंची आणि ले-आउटवाल्याची मालमत्ता मोजली आणि भरवसा मोजला असं समजले.

सिबिल स्कोअर चांगला म्हणजे माणूस चांगला?

नाही. तो ३०० ते ९०० मधला आकडा आहे आणि आधीची कर्जं, क्रेडिट कार्डं तुम्ही वेळेवर फेडली का, एवढ्यापुरता आहे. तुमचा पगार किती, हे त्यात धरतच नाहीत. आयुष्यात कधी कर्जच न काढलेल्या माझ्या आईला स्कोअर नव्हता.

विषमता विषमता म्हणतात, ती नेमकी किती आहे?

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. उत्पन्न म्हणजे महिन्याला नळातून येणारं पाणी. संपत्ती म्हणजे टाक्यात साठलेलं. एखाद्याचा नळ बारीक असेल पण आजोबांनी टाकं भरून ठेवलं असेल, तर उन्हाळा त्याला कळत नाही. नागपूरच्या माणसाला हे जास्त समजावून सांगायला नको.

जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये भारताबद्दल एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातला २०२२-२३ चा अंदाज असा : वरच्या १ टक्के लोकांकडे देशाच्या उत्पन्नातला २२.६ टक्के आणि संपत्तीतला ४०.१ टक्के वाटा. १९६१ मध्ये संपत्तीतला हा वाटा १३ टक्क्यांच्या आसपास होता.

वर्गात मी संत्री घेऊन बसते. शंभर माणसं, शंभर संत्री. एकटा माणूस चाळीस उचलतो. त्याच्या मागचे नऊ जण मिळून पंचवीस. मधले चाळीस जण मिळून एकोणतीसच्या जवळपास. तळातले पन्नास जण राहिले, त्यांच्या वाट्याला सहा संत्री. म्हणजे आठ जणांत एक, फोडी मोजून. नंतर ही संत्री सगळ्यांना सारखी वाटून खाऊन टाकतो, आणि सालं उचलायला नेहमी त्याच दोन मुली उठतात. तेही मी फळ्यावर लिहून ठेवते.

मग भारत जगातल्या सगळ्यात समान देशांपैकी आहे, अशी बातमी आली होती ती खोटी?

आकडा खोटा नव्हता, वाचणाऱ्यांनी तो भलत्याचा समजला. जागतिक बँकेच्या आकडेवारीत भारताचा गिनी निर्देशांक २०२२-२३ साठी २५.५ आहे. गिनी नावाच्या इटालियन संख्याशास्त्रज्ञाने १९१२ साली हे माप मांडलं. सगळ्यांना अगदी सारखं असेल तर शून्य, सगळं एकाच्याच हातात असेल तर शंभर. २५.५ म्हणजे बरीच समानता.

पण आपल्याकडचा तो आकडा खर्चावरून काढलेला आहे. माणूस महिन्याला किती रुपयांचं खातो, वापरतो, प्रवास करतो, यावरून. आता रामदासपेठेतला एखादा उद्योजक माझ्या वर्गातल्या मुलापेक्षा दहा हजार पटींनी श्रीमंत असेल, पण तो दहा हजार पट पोळ्या खाऊ शकत नाही. उरलेला पैसा जमिनीत, शेअरमध्ये, धंद्यात जातो आणि खर्चाच्या सर्वेक्षणात दिसत नाही. शिवाय घरी सर्वेक्षणवाला आला तर बंगल्याचं फाटक उघडतच नाही, ही अडचण जगभर आहे. कित्येक देश उत्पन्नावरून गिनी काढतात, आपण खर्चावरून, आणि मग दोन्ही एका यादीत ठेवून क्रमांक लावायचा, याला काही अर्थ नाही.

जो जास्त कष्ट करतो तोच श्रीमंत होतो ना? आळशी लोक गरीब राहतात.

हा प्रश्न बहुतेक वेळा गरीब घरातलं मूलच विचारतं, आणि मला ते ऐकून दरवेळी त्रास होतो.

पहाटे कळमन्याच्या बाजारात जा. हमाल पाठीवर पोतं घेऊन ट्रकमधून उतरताना दिसेल. कष्टाने पैसा येत असता तर तो दुपारपर्यंत लखपती झाला असता. मजुरी ठरते ती तुमच्यासारखे आणखी किती जण रांगेत उभे आहेत, तुम्हाला 'नाही' म्हणायची सोय आहे का, आणि तुमच्या बाजूने कायदा उभा आहे का, यावरून. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. तो जिथे नीट लागू झाला तिथे हमालांची नोंदणी झाली, मजुरीचे दर ठरले, भविष्यनिर्वाह निधी आला. पोतं तेच, पाठ तीच. बदलली ती फक्त मोजायची पद्धत.

उलटंही होतं. आपल्या एम्प्रेस मिलचंच घ्या. जमशेटजी टाटांनी ती १८७७ साली सुरू केली, शहरातल्या कित्येक घरांच्या तीन-तीन पिढ्या तिच्या भोंग्यावर उठल्या. २००२ साली ती कायमची बंद झाली. तिच्या जागेवर आज मॉल आहे. सूत तुटलं तर नुसत्या बोटांना कळायचं, अशी कारागिरी असलेला माणूस एका सकाळी बाजाराच्या हिशोबात शून्य झाला. आदल्या रात्रीत त्याच्या बोटांना काही झालं नव्हतं. आमच्या गल्लीतले असे एक काका पुढे कितीतरी वर्षं एटीएमबाहेर पहारेकरी होते. मुलं त्यांना "ओ वॉचमन" म्हणून हाक मारायची. मीही त्यांना नावाने हाक मारायला बराच उशीर केला.

माझ्या बाबांनी शून्यातून सगळं उभं केलं. मग मला त्याची लाज वाटायला पाहिजे का?

लाज कशाला? बाबांनी केलेले कष्ट खरे आहेत. फक्त 'शून्यातून' या शब्दाकडे जरा थांबून बघ.

एका मुलाने घरी जाऊन हिशोब विचारला. त्याच्या बाबांनी नव्वदच्या दशकात बेसा भागात एक प्लॉट घेतला होता. आरएल (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) नव्हता, रस्ता नव्हता, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. पुढे शहर तिकडे सरकलं, विमानतळाजवळचा मिहान प्रकल्प आला, मेट्रो आली, आरएल मिळाला. घरातली सगळ्यात मोठी संपत्ती म्हणजे तो प्लॉट, आणि त्याची वाढलेली किंमत बाबांनी कमावलेली नाही, ती रस्त्याने आणि रुळाने दिली. त्याच वर्षी त्यांच्याच ऑफिसातल्या शिपायाजवळ सुरुवातीचे पाच हजार नव्हते, म्हणून त्याने प्लॉट घेतला नाही. दोघंही रोज तेवढेच तास कामावर होते.

आपल्या भाषेत 'गर्भश्रीमंत' हा किती नेमका शब्द आहे! पोटातूनच श्रीमंत. त्याच्या उलट बाजूचा शब्द क्वचितच ऐकू येतो, कारण ते फार सर्रास आहे.

आणि घराघरातली एक विषमता कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगते. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा आहे. तरी राखीला माहेरी आलेल्या बहिणीकडून 'हक्कसोड' लिहून घेणारे भाऊ मी टेबलाच्या या बाजूने कितीतरी पाहिले. बहिणी हसत सही करतात. सही नाही केली तर माहेर तुटेल, ही भीती त्या हसण्यात असते.

यात जातीचा काय संबंध?

आपण उत्तर नागपुरात, दलित-बौद्ध वस्त्यांच्या भागात, बसून हे विचारतोय, हे गमतीचं आहे. जमीन कोणाकडे होती, विहीर कोणाची होती, पाटीला हात कोणी लावायचा, हे पिढ्यानपिढ्या जन्मावरून ठरत होतं. टाकं कोणाचं भरलेलं, त्याचं बरंचसं उत्तर तिथे आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावलं होतं की २६ जानेवारी १९५० पासून आपण एका विसंगतीत पाऊल टाकणार आहोत. राजकारणात एक माणूस, एक मत, एक मूल्य मान्य करू, आणि सामाजिक-आर्थिक जीवनात एक माणूस, एक मूल्य हे नाकारत राहू. ही विसंगती फार काळ टिकवली तर लोकशाहीच धोक्यात येईल, असंही ते म्हणाले. शब्द बघा, मूल्य. किंमत नव्हे.

आणि सात वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, या शहरात बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या वेळी जे झालं ते पैशाच्या हिशोबात बसतच नाही. पांढऱ्या कपड्यांत लाखो माणसं आली, त्यांतल्या बहुतेकांजवळ परतीच्या खर्चापलीकडे काही नव्हतं. वर्गातल्या एका मुलीची आजी तेव्हा लहान होती. त्या म्हणाल्या, "घरी जाताना पैसे तेवढेच होते जी, पण माय ताठ चालत होती." त्या दिवशी ऐपत जराही वाढली नव्हती. आजही दीक्षाभूमीवर त्या दिवसांत पुस्तकांचे स्टॉल बघा. भाकरीचं गाठोडं घेऊन आलेला माणूस पुस्तकांची पिशवी घेऊन परत जातो.

आमची आई काहीच कमवत नाही. मग तिचं मोल शून्य का?

'काहीच करत नाही' असं म्हटलं नाहीस, एवढ्यावर आज सोडते.

२०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ बिनपगारी घरकामात जातो असं दिसलं. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. पाच तास रोज, रविवारसुद्धा.

गंमत म्हणजे या कामाची किंमत कधी निघते, तर बाई अपघातात गेल्यावर. नुकसानभरपाईसाठी गृहिणीचं काल्पनिक उत्पन्न धरावं लागतं, आणि ते धरणं हा तिच्या श्रमाचा मान आहे, अशा अर्थाचं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये म्हटलं. तो आकडा आईचा नसतो, घराचं किती गेलं त्याचा असतो. तरी आकडा निघाला हे चांगलंच झालं.

"पैसा सर्वस्व नाही" असं म्हणणाऱ्यांचा राग येतो.

मलाही येतो. पोट भरलेल्याने उपाशी माणसाला हे वाक्य ऐकवू नये. मेयोत, त्या सरकारी दवाखान्यात, रात्री अकराला औषधाची चिठ्ठी हातात ठेवतात तेव्हा पैसा सर्वस्वच असतो. पैशाने माणसाची लायकी मोजू नये, आणि पैसा क्षुल्लक आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट बहुतेक करून पगारवाढ नाकारताना सांगतात.

आम्ही टॅक्स भरतो आणि गरीब फुकट खातात, असं घरी म्हणतात.

आयकर थोडे लोक भरतात, हे खरं. पण साबण, बिस्कीट, मोबाइलचं रिचार्ज यावर जीएसटी आहे आणि तो भिकारीही भरतो. त्याच्या कमाईतला मोठा भाग खरेदीतच जातो, म्हणून त्याला तो जास्त बोचतो. वारशाने आलेल्या संपत्तीवर मात्र आज आपल्याकडे कर नाही. १९५३ साली आलेला मृत्युपश्चात संपत्तीवरचा कर १९८५ मध्ये गेला, आणि १९५७ चा संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. ते कर वसूल कमी व्हायचे आणि कटकट जास्त, हे कारण खरं होतं. त्यावर उपाय नीट वसुली करणं हाही असू शकला असता, असं माझं मत.

बाबा कर्ज फेडू शकले नाहीत. गावात तोंड दाखवत नाहीत.

काटोल-नरखेडकडून येऊन वसतिगृहात राहणारी मुलं हा प्रश्न सगळ्यांसमोर विचारत नाहीत, वर्ग सुटल्यावर दाराशी थांबतात.

मी कर्ज देणारी होते म्हणून अधिकाराने सांगते. पीक बुडालं की पीककर्ज थकतं. पाऊस, बोंडअळी, भाव, यातलं काही तुझ्या बाबांच्या सहीने ठरत नाही. मोठे उद्योग थकले की बँकेत त्याला 'पुनर्रचना' म्हणतात, बैठक होते, चहा येतो. शेतकऱ्याला थेट 'कर्जबाजारी' म्हणतात. हा फरक भाषेतला आहे आणि तो जिवावर बेततो. नैसर्गिक आपत्ती जाहीर झाली असेल तर पीककर्जाचंही पुनर्गठन होतं, शाखेत जाऊन लेखी अर्ज द्यायला लाव आणि पोच घ्यायला सांग. बाबा गप्प राहत असतील, जेवत नसतील, निरवानिरवीचं बोलत असतील तर त्यांना एकटं सोडू नका. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी क्रमांक आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. मला फोन केलास तरी चालेल, वेळ बघू नकोस.

लग्नासाठी स्थळ बघताना पगार विचारावा की नाही?

विचारावा. घर चालवायचं आहे. फक्त पहिला प्रश्न तोच असेल तर समोरचाही तुम्हाला त्याच तराजूत घालणार, मग तक्रार करू नये.

वर्गाची फी किती?

दोन वर्षं वर्ग फुकट होता. मग एक पालक मला सरळच म्हणाले, "फुकट आहे म्हणजे काही खास नसंल." त्यांचा मुलगा यायचा बंद झाला. मी पुढच्या महिन्यापासून दहा रुपये फी ठेवली. मुलं वाढली. ते वडीलही मुलाला परत घेऊन आले, पावती मागितली. दहा रुपयांची पावती मी हाताने लिहून देते. जमलेल्या पैशांतून महिन्याच्या शेवटच्या रविवारी तर्री पोहे येतात. ज्याला दहा रुपये जमत नाहीत त्याचं नाव मी विचारत नाही, डबा दाराशी ठेवलेला असतो, त्यात कोणी किती टाकलं ते दिसत नाही. वही आणि पेन मात्र स्वतःचं आणावं.